बिराजदार काकूंच्या घरात माझा गृहप्रवेश

आधी चहा संपवा. कारण हा किस्सा ऐकताना हातात भरलेला कप नको, आणि ऐकल्यावर तुम्ही मला पुन्हा चहाला बोलवाल का, याचीही मला खात्री नाही. घोटाळे कोण करत नाही? पण मी जो केला तसा कुणी केला नसेल. एका भल्या बाईच्या नव्या घरात तिच्या आधी मी शिरलो. नुसता शिरलो असतो तरी चाललं असतं.

थांबा, नीट सांगतो.

मी मूळचा मोहोळचा, पण नोकरी जुळे सोलापुरात, एका बिल्डरच्या ऑफिसात. माझ्या टेबलावर 'तक्रार निवारण' अशी पाटी आहे. म्हणजे काय, तर घर घेतलेला माणूस तावातावानं येतो, मी त्याला खुर्ची देतो, पंखा त्याच्याकडं फिरवतो, चहा मागवतो आणि गोड बोलतो. जाताना तो मलाच थँक्यू म्हणतो. घरातलं मात्र काहीही दुरुस्त झालेलं नसतं.

होणार कसं? आमच्याकडं दारा-खिडक्यांच्या चौकटी बसवायचा ठेका मालकांच्या साडूकडं आहे. सगळं ऑफिस त्यांना साडूभाऊच म्हणतं. साडूभाऊंची एखादी चौकट सरळ बसलीच, तर ती चुकून. पण मालकिणीच्या सख्ख्या बहिणीच्या नवऱ्याला बोलायचं कुणी? म्हणून मला ठेवलेलं.

तर आमच्या स्कीममधलं एक रो-हाऊस घेतलं बिराजदार काकांनी. काका दुधनीचे. तिथं त्यांचं भुसार मालाचं दुकान होतं, ते पोरांच्या हाती देऊन नवरा-बायको सोलापुरात आले. सगळा जन्म भाड्याच्या घरात गेलेला. त्यामुळं या घराचा काकूंना केवढा आनंद! बांधकाम चालू असताना रोज रिक्षानं यायच्या आणि वाळूच्या ढिगाऱ्यावर बसून नुसत्या बघायच्या.

ताबा मिळाला आणि काका माझ्या टेबलासमोर.

"सायेब, म्होरलं दार लागत न्हाय. वरच्या अंगाला फटीतनं हात जातोय आणि खालनं फरशी घासतंय. चौकटच कलंडलीया."

"काका, लाकूड आहे ते," मी पंखा फिरवत म्हणालो. "पावसाळ्यात फुगतं. जरा दम धरा, आपोआप बसेल."

"सोलापुरात पाऊस पडतोय कुटं फुगायला?"

मी चहा मागवला.

चहा पिऊन काका म्हणाले, "बरं, मागचं दार तर उगडतच न्हाय. त्येचं काय?"

"काका, मागचं दार उघडून करायचंय काय तुम्हाला? बंद आहे तेच बरं. चोराची भीती नाही."

काकांनी थोडा विचार केला, मान हलवली आणि गेले. मी स्वतःवर इतका खूश झालो की दुसरा चहा मागवला.

मग आला वास्तुशांतीचा दिवस. सकाळीच काकांचा फोन, आणि तो माझ्या दुर्दैवानं मालकांनी उचलला. दार अजून लागत नाही, आता जमलेल्या पाव्हण्यांनाच दाखवतो तुमचं काम, असं काका म्हणाले. मालकांनी मला केबिनमध्ये घेतलं.

"माने, त्यांच्या पाव्हण्यांतली दोन कुटुंबं आपले फ्लॅट बघून गेल्यात. तिथं बोंब झाली तर ती गेली समजा. जा आणि मिटवून या. न्हायतर तुमची पाटी मी काढून ठेवतो."

मी गाडीला किक मारली. वाटेत गोड वाक्यं जुळवत होतो, दुसरं माझ्याकडं होतंच काय?

तिथं पोचलो तर दारात मांडव, केळीचे खांब, झेंडूची तोरणं, आणि दुधनी-अक्कलकोटकडची निम्मी माणसं. गृहप्रवेशात गाय आधी आत नेतात, ती नुकतीच आत गेली होती. गाईवाला तिला हॉलमध्ये सोडून पेंडी आणायला गेलेला. तिच्यामागून काका-काकूंनी कळस घेऊन जायचं, मग शेगडीवर दूध उतू घालायचं, असा सगळा बेत. मुहूर्ताला थोडाच वेळ उरलेला. काकू हिरव्या इरकलीत, हातात कळस, उंबऱ्यासमोर उभ्या. मी त्यांचा चेहरा बघितला. लग्नात पण एवढी खुललेली बाई मी बघितलेली नाही.

तेवढ्यात काकांनी मला बघितलं.

"आले बगा सायेब. ह्यांनाच इचारा, दार का लागत न्हाय ते."

सगळा मांडव माझ्याकडं वळला. त्यात फ्लॅट बघून गेलेले ते दोघे पाव्हणेही होते. आता सांगा, माझ्या जागी तुम्ही असता तर काय केलं असतं? गप्प उभे राहिला असता. शहाण्या माणसानं तेच केलं असतं.

मी म्हणालो, "लागत नाही कसं? पद्धत असते काका, थोडा जोर लावायचा. हे बघा."

आणि मी आत गेलो. हो, काकूंच्या आधी. बूट घालून. दार धरलं, खांदा लावला आणि सगळा जीव एकवटून ढकललं. धाडकन आवाज झाला आणि दार लागलं. असं लागलं की फटीतून उजेड येईना. बाहेर टाळ्या वाजल्या. एक पाव्हणा 'वा' म्हणालेला मी स्वतः ऐकला.

मग मी दार उघडायला गेलो.

मूठ ओढली. मूठ हातात आली. कडी ओढली, ती वाकली. भिंतीला पाय लावून ओढलं, तर मी खाली बसलो आणि दार जागच्या जागी. वळून बघितलं तर हॉलमध्ये मी आणि गाय. आम्ही दोघांनी एकमेकांकडं बघितलं.

"सायेब," बाहेरून काकांचा आवाज. "लागलं. बगितलं आमी. आता उगडा की."

"काका... जरा बाहेरून ढकला."

बाहेरून चार जणांनी ढकललं. दार तसूभरही हललं नाही.

मी खिडकीकडं धावलो. खिडकीला ग्रिल. साडूभाऊंच्या हातचं तेवढं एकच काम पक्कं निघालेलं. ग्रिलमधून सगळ्यांची तोंडं दिसत होती, आणि मधोमध कळस धरलेल्या काकू.

"काय करायलाव आत?" काकू म्हणाल्या. त्यांना अजून कळलंच नव्हतं. "मुहूर्त चाललाय की."

"काकू, दार उघडत नाही."

काकू रागावल्या की कानडीत जातात, हे मला तेव्हा समजलं. मला कानडी येत नाही, पण एकही शब्द समजायचा राहिला नाही. शेवटी त्या मराठीत आल्या आणि एवढंच म्हणाल्या, "बूट काडा तरी. माज्या घरात बूट घालून हुबारलाय." आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं. खरं सांगतो, त्या क्षणी मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी बूट काढले. गाईनं लगेच त्यातल्या एका बुटात शेण टाकलं, आणि खिडकीतल्या दोन म्हाताऱ्यांनी शुभ झालं म्हणून हात जोडले.

"मागचं दार!" कुणीतरी ओरडलं. सगळी फौज घराला वळसा घालून मागं गेली. काकू पण कळस घेऊन मागं गेल्या. मीही आतून पळालो, आणि त्या दारासमोर उभा राहिल्यावर मला आठवलं, की हे दार बंदच बरं असं ज्यानं पटवून दिलं तो माणूस मीच. बाहेरून लोक धडका मारत होते. दार ढिम्म.

इकडं पुढच्या खिडकीत पूजा सांगायला आलेले स्वामी एकटे उरले. त्या दिवशी मुहूर्त मोठा, बिराजदारांचे नेहमीचे जंगम स्वामी, म्हणजे त्यांच्या घरचे पुरोहित, दुसरीकडं गुंतलेले, म्हणून हे नवे आले होते. त्यांना घरातलं कोण आणि बाहेरचं कोण, काही ठाऊक नव्हतं. त्यात पुढं अजून एका घरचं बोलावणं. त्यांनी घड्याळ बघितलं, हाक मारून मला पुढं बोलावलं आणि ग्रिलमधून ओट्याकडं बोट दाखवलं.

"यजमान, दूध तापवा. मुहूर्त टळला तर माजी जबाबदारी न्हाय."

मला वाटलं, निदान मुहूर्त तरी वाचवू. ओट्यावर काकूंनी शेगडी मांडून ठेवलेली, पातेलं हळद-कुंकू लावून सजवलेलं. मी शेगडी पेटवली, दूध ठेवलं. स्वामी डोळे मिटून मंत्र म्हणू लागले. मध्येच थांबून म्हणाले, "नाव?"

आता ऑफिसात कुणी नाव विचारलं की आपण आपलंच सांगतो ना? त्या घाबरगुंडीत मी सांगितलं, "सुधीर माने."

"गोत्र?"

"माहीत नाही."

"मग काश्यप," स्वामी म्हणाले, आणि माझं नाव मंत्रात घालून पुढं निघाले. त्यांनी मला अक्षता घ्यायला लावल्या, पाणी सोडायला लावलं, गाईला नमस्कार करायला लावला. दूध सुंदर उतू गेलं. मी सगळं मनापासून केलं. आपण चुकीची भरपाई करतोय, असंच मला वाटत होतं.

काका-काकू पुढं आले तेव्हा स्वामी पोथी बांधत होते.

"झालं," ते म्हणाले. "मुहूर्तात दूध उतू गेलं. माने कुटुंबाची भरभराट होईल."

काकांनी स्वामींकडं बघितलं, मग माझ्याकडं, मग हातातल्या ताम्हनाकडं. काकू तर हलल्याच नाहीत.

तेवढ्यात साडूभाऊ आले. त्यांना मालकांनी माझ्या मागोमाग पाठवलेलं. हातात पहार, तोंडात पान. त्यांनी दाराला दोन थापा मारल्या, कौतुकानं बघितलं आणि चौकटीच्या कडेला पहार घातली. एक हिसका दिला. आणि काय सांगू, भिंतीतून अख्खी चौकटच बाहेर आली! दारासकट! चौकट भिंतीत धरून ठेवायला लोखंडी पट्ट्या मारतात, तिथं एकही पट्टी नव्हती. इतके दिवस ती नुसत्या गिलाव्याच्या भरवशावर उभी होती. ती मांडवात आडवी पडली आणि दार तिच्यात तसंच बंद.

"बगा," साडूभाऊ म्हणाले, "चौकट आली, पण दार हललं न्हाय. ह्येला म्हणायचं काम."

फ्लॅट बघून गेलेल्या दोन्ही पाव्हण्यांनी मला लांबूनच हात जोडले. तो नमस्कार शेवटचा होता.

आता समोर दाराच्या जागी मोठं भगदाड, आत मी, बाहेर काकू. मी बाजूला झालो. काकू पाय उचलणार, तोच स्वामी म्हणाले, "थांबा. संकल्प ह्यांच्या नावानं झालाय. घरचे यजमान आता हे. त्यांनी बोलवल्याबिगर कसं जाणार?"

मला वाटलं काकू आता कळस माझ्या डोक्यात घालतात. पण त्यांनी डोळे पुसले आणि माझ्याकडं बघत म्हणाल्या, "मग म्हणा की यजमान. आमच्या घरात आमास्नी या म्हणा."

मी मान खाली घातली, हात जोडले आणि म्हणालो, "या काकू." काकूंनी उजवं पाऊल आत टाकलं, काका मागून आले, आणि गाय त्यांना वाट देऊन बाहेर पडली. मुहूर्त अजून शिल्लक होता. काकू हॉलच्या मधोमध उभ्या राहिल्या, चारी भिंतींकडं बघितलं आणि चक्क हसल्या. माझ्या जिवात जीव आला.

तो फार वेळ टिकला नाही. ज्याच्या नावानं वास्तुशांत झाली त्यानं पहिली रात्र घरात काढायची आणि दिवा राखायचा, असं जाता जाता स्वामी सांगून गेले. मी कळवळून काकांकडं बघितलं.

काका म्हणाले, "लई बरं झालं. तसंबी नवं दार उद्या बसणार. तंवर तितं कोन तरी लागतंयच की."

मी बायकोला फोन करून सांगितलं, की आज माझ्या नावानं वास्तुशांत झाली म्हणून रात्री येणार नाही. तिनं आनंदानं विचारलं, कुठल्या एरियात घेतलं? तिला समजावताना फोनची बॅटरी संपली.

काकूंनी मला पोटभर हुग्गी, म्हणजे गव्हाची खीर, वाढली आणि उंबऱ्याच्या जागी आडवी गादी घालून दिली. इकडून भिंत, तिकडून भिंत, मध्ये मी. दिवसभराच्या दमणुकीनं अशी झोप लागली की विचारू नका.

पहाटे काकांना फिरायला जायचं होतं. त्यांनी मला हाका मारल्या. मी हललो नाही. मग खांद्याला धरून ढकललं, पायाकडून ओढून बघितलं. तरी नाही. अर्धवट झोपेत मला एवढंच ऐकू आलं. काकू आतून म्हणत होत्या, "अवो, राहू द्या. ह्ये बी त्याच ठेकेदारानं बसवलेलं दिसतंय."