वसंताची पाचवी पायरी

वहिनींचा फोन आला तेव्हा मी दाढी करत होतो. "भावजी, हे गेले हो..." त्याला दीड महिना झाला, तरी रविवारी सकाळी माझे कान अजून पिपलानीच्या रस्त्याकडेच लागतात. आता वसंताची स्कूटर येईल आणि पठ्ठ्या खालूनच ओरडेल, "चल रे, तलावावर जाऊन येऊ!"

खरं सांगतो, मी त्या तलावाला कंटाळलो होतो. भोपाळबाहेर तासभर हाडं खिळखिळी करून जायचं आणि बघायचं काय, तर गढूळ पाणी, म्हशी आणि काठावरची दोन गावं. एक शिंगाड्याचं, दुसरं गव्हाचं. शिंगाडेवाल्यांना पाणी तलावात हवं, गहूवाल्यांना पाटात. दरवर्षी डोकी फुटायची. शेवटी ठरलं, घाटाच्या वरून पाचव्या पायरीपर्यंत पाणी उतरलं की पाट बंद. खूण करायला दोन्ही गावांना चालेल असा एकच माणूस होता, दर रविवारी गळ टाकून बसणारा आमचा वसंता. त्याने लाल पेंटची रेघ मारली, दरवर्षी ती ताजी करत राहिला. भांडणं थांबली.

इस्पितळात शेवटचा भेटलो तेव्हा म्हणाला, "रेघ चुकली रे... मागच्या खेपेला पुन्हा मोजलं. मी वरचा ओटाच पहिली पायरी धरला होता. गहूवाल्यांचं पायरीभर पाणी इतकी वर्षं बुडवलं मी." कारखान्यात केसाएवढा फरक पकडणारा माणूस, आणि पायऱ्या मोजायला चुकला! "तू जाऊन सांग. मला तोंड नाही." मी चिडलोच. मेल्या, आयुष्यभर ओढत नेलंस, आता हेही माझ्याच गळ्यात?

गेलो, त्याचीच स्कूटर घेऊन. गुडघे आता साथ देत नाहीत, मनही देत नाही. गव्हाच्या गावातल्या म्हाताऱ्या दाजींपुढे हात जोडले, सगळं सांगितलं. दाजी शांतपणे म्हणाले, "पता था, बाबूजी. पहले ही साल सीढ़ियाँ गिन ली थीं."

"तो बोले क्यों नहीं?"

"भैया से कहते तो वो ठीक कर देते. उसी एक सीढ़ी पानी से जेठ की गर्मी में हमारे ढोर बचते हैं."

मला रडूच फुटलं. त्या एका पायरीपायी कुढत गेला रे माझा मित्र...

डिकीत त्याचा पेंटचा डबा होता. पाणी उतरलेलं होतं. मी घाटावर गेलो, ब्रश बुडवला आणि पायऱ्या मोजल्या. वरच्या ओट्यापासून.