बॉल भूषणकडे नव्हता

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. भूषणला तर नाहीच — आणि सांगायला हवं होतं ते त्यालाच.

नोएडात नवीन नवीन ऑफिसं उघडत होती तेव्हाची गोष्ट. आमच्या अमेरिकन क्लायंटच्या एका साहेबानं तिकडच्या व्यावसायिक फुटबॉल संघाच्या व्हिडिओ कॅसेटी दिल्या होत्या. तो त्यांचा फुटबॉल — लांबट बॉल हातात घेऊन पळायचा. बाकीच्यांनी एकदा पाहून सोडून दिला. मला मात्र वेडच लागलं. वरून नुसती धक्काबुक्की, पण आत केवढं डोकं! एक चाल मी सारखी मागे नेऊन पाहायचो. फेकणारा बॉल धावणाऱ्याच्या पोटाशी नेतो, दिल्यासारखं करतो आणि काढून घेतो. धावणारा रिकाम्या हातांनी सुसाट सुटतो, बचाववाले त्याच्यावर तुटून पडतात, आणि त्यांच्यामागे मोकळ्या झालेल्या जागेत बॉल जातो.

पण चांगला बचाव फसायचा नाही. नाटक त्यांना कळायचं — कशावरून? खांद्यांवरून? नजरेवरून? आणि मग वाटलं, धावणाऱ्यालाच माहीत नसेल तर?

साहेब दिल्लीला आले तेव्हा त्यांच्याच मानेसरच्या कारखान्यातल्या टीमशी आमची मॅच ठरली. हेल्मेट वगैरे काही नाही. आमच्या ऑफिसात सगळ्यांत वेगवान भूषण कदम; फेकणारा मी. कॅन्टोनमेंटमधल्या सुभेदारांचा मुलगा, वडिलांसारखं सैन्यात जायचं म्हणून भरतीची तयारी करणारा. मी त्याला बाजूला घेतलं.

"बॉल तुलाच देतोय यार. डोकं खाली घाल आणि घूस."

खरी चाल फक्त बॉल झेलणाऱ्या गुप्ताला सांगितली. त्याला वाटलं, भूषणलाही ठाऊक असणार.

चाल जमली. फार सुंदर जमली — हे लिहितानाही लाज वाटते. मी बॉल त्याच्या पोटाशी नेऊन काढून घेतला, भूषणनं पोटाशी हात आवळले आणि घुसला. तिघं त्याच्यावर पडले. मी पाहत होतो का त्याच्याकडे? नाही, मी बॉलकडे पाहत होतो. गुप्तानं तो झेलला, मी हात वर केले. वळलो तेव्हा भूषण गुडघा धरून पडला होता.

साहेबांनी विचारलं, काय झालं. मी म्हणालो, त्याला चाल समजली नाही.

भूषणनं ऐकलं. माझ्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, "सॉरी यार, मीच गडबडलो."

त्या वेदनेत त्याला खरंच तसं वाटलं? की त्यानं मला सांभाळून घेतलं? एवढा चौकस मी — पण हे त्याला कधी विचारलं नाही.

ऑपरेशन झालं, पण पाय पूर्ववत झाला नाही. सैन्याचा विषय संपला. आता त्याचं करोल बागेत कारच्या पार्ट्सचं दुकान आहे. आमचं जाणं-येणं आहे. मागच्या दिवाळीत त्याच्या मुलीनं विचारलं, बाबा, तुम्ही असे का चालता? तो हसला.

"काकानं नीट समजावलं होतं गं. माझ्याच डोक्यात शिरलं नाही."

ती माझ्याकडे वळली. मी मान हलवली — हो म्हणून.