नाणेफेक नको, सर

आमचं रायपूर नव्या राज्याची राजधानी झालं, त्याच्या पुढच्या वर्षी मी दहावीत होते आणि शाळेच्या मुलींच्या फुटबॉल संघाची गोलकीपर होते. गोलकीपर झाले ती फक्त उंचीमुळे. पळण्यात मी सगळ्यांच्या मागे, म्हणून खेळाच्या सरांनी पहिल्याच दिवशी मला दोन खांबांच्या मधे नेऊन सांगितलं, "तू बस इधर खड़ी रह."

राजधानी होण्याचा मोठ्यांना काय फायदा झाला, ते मोठ्यांना माहीत. बाबांचं ऑफिस एका जुन्या इस्पितळाच्या इमारतीत आलं आणि त्यांच्या खोलीच्या दारावर 'मरहम-पट्टी' ही अक्षरं तशीच राहिली होती. आम्हा मुलींना मात्र एक गोष्ट मिळाली. ज्या राज्यस्तरीय स्पर्धेसाठी आधी भोपाळला जावं लागे, आणि आम्ही कधीच गेलो नव्हतो, ती आता ब्राह्मणपाऱ्यातल्या आमच्या घरापासून सायकलनं दहा मिनिटांवर होणार होती.

त्याआधी एकदा शहराच्या स्पर्धेत आमचा सामना बरोबरीत संपला होता. पंचांनी खिशातून नाणं काढलं, उडवलं आणि आम्ही हरलो. आमची कॅप्टन नाणं पडलं तिथेच मातीत बसून राहिली. घरी आले तर आई म्हणाली, "काहून रडून राहिली? किती गोलनं हरल्या?"

"एकही गोल नाही झाला."

"मंग हरल्या कशा?"



या वेळी, राज्याच्या स्पर्धेत, उपांत्य सामन्यात समोर जशपूरकडच्या एका वसतिगृहाच्या मुली होत्या. अंगानं लहान, पण वाऱ्यासारख्या. आमच्याच शाळेच्या वर्गांत बाकं सरकवून त्यांना उतरवलं होतं. सामना एक-एक. जास्तीचा वेळ दिला, तरी एक-एक. मग टायब्रेकर, दोन्हीकडून पाच-पाच पेनल्टी. त्यात तीन-तीन. एक मी अडवली, म्हणजे चेंडू माझ्या गुडघ्यावर येऊन आपटला. मग सडन डेथ. एक तुमची, एक आमची, एकीचा गोल झाला आणि दुसरीचा चुकला की खेळ खलास. सहाव्या जोडीत दोघींचे गोल झाले. सातव्या जोडीत दोघींनी बाहेर मारली. आठवीत पुन्हा दोघींचे गोल. थंडीचे दिवस, सूर्य कधीच झाडांमागे गेला होता. पंचांना चेंडू दिसेना. त्यांनी खिशात हात घातला.

आमची कॅप्टन ताडकन म्हणाली, "टॉस नहीं, सर."

पंच काही बोलणार, तोच तिच्या खांद्याला लागणारी त्यांची कॅप्टन पुढे आली. "हम भी टॉस नहीं करेंगे."

"तो अँधेरे में खेलोगी?"

"कल सुबह," दोघी एकदमच म्हणाल्या.

मोठी माणसं घोळका करून नियमांची पुस्तिका चाळू लागली. उजेड गेला तर काय करायचं, हे तिच्यात कुठेच नव्हतं. आमचे सर म्हणाले, "लिखा नहीं है, तो मना भी नहीं है." सकाळी सातची वेळ ठरली. अंतिम सामना त्याच दिवशी तीनला.

घरी हे सांगितलं तर आईनं एवढंच विचारलं, "त्या पोट्ट्या जेवल्या काय?" मग तिनं मोठ्या गंजात झुणका केला, शेजारच्या काकूंनी पोळ्या लाटल्या आणि बाबांच्या स्कूटरवर गंज मांडीत धरून मी शाळेत गेले. जेवताना त्यांची गोलकीपर माझ्या शेजारी बसली होती. नववीतली, गालाला खळी पडणारी.

"दीदी, आप किधर मारोगी?"

तेव्हा माझ्या लक्षात आलं. संघातल्या सगळ्यांची एकेकदा पाळी येईपर्यंत कुणी दुसऱ्यांदा मारायची नसते, म्हणजे नववी, दहावी आणि मग अकरावी पाळी गोलकीपरांची. "मैंने तो आज तक मारी ही नहीं," मी म्हणाले.

"मारी ही नहीं?" ती हात धुऊन उठली. "चलो."

शाळेच्या अंगणात, व्हरांड्यातल्या ट्यूबलाइटच्या उजेडात तिनं मला पेनल्टी शिकवली. पाय कुठे ठेवायचा, चेंडू कुठे मारायचा, सगळं. मी दहा-बारा वेळा मारली, दर वेळी उजवीकडे. बाबा स्कूटरपाशी उभे राहून बघत होते. परत जाताना म्हणाले, "उद्या तिलेच हरवाचं आहे न तुले?"

सकाळी मैदानावर धुकं होतं. नवव्या जोडीत दोघींचे गोल, दहावीत दोघींचे हुकले. उरलो आम्ही दोघी. आधी मी.

चेंडू ठेवला, धावले आणि बुटाचं टोक आधी मातीत रुतलं. चेंडू घरंगळत निघाला. ती तर तिच्या उजवीकडे, म्हणजे माझ्या डावीकडे... नाही, मीच चुकतेय. आदल्या रात्री मी मारत होते त्याच बाजूला तिनं झेप घेतली होती. पालथी पडल्या पडल्या तिनं मान वळवली, चेंडू मधोमध येताना पाहिला, रांगत हात लांबवला. चेंडू रेषेपलीकडे जाऊन थांबला. पहिली हसली तीच.

मग तिची पाळी. तिनं मारली ती खरी पेनल्टी. मी जागची हललेही नाही. चेंडू दणकन वरच्या दांडीला लागून मागच्या झाडीत गेला.

आम्ही जिंकलो होतो. ती धावत आली ती माझ्या गळ्यातच पडली. "दीदी, वैसा तो मैंने सिखाया नहीं था!" दोघी पोट धरधरून हसत होतो. बाबा मैदानात धावत आले, एक चप्पल मागेच राहिलेली. "जिंकल्या काय? कोणी सांगन का मले?"

दुपारी अंतिम सामन्यात आम्ही सडकून मार खाल्ला. वसतिगृहाच्या मुलींची बस संध्याकाळी होती, त्या सगळ्या माझ्या जाळीमागे येऊन बसल्या आणि घसे फुटेस्तोवर आमच्या नावानं ओरडल्या. चौथा गोल झाला तेव्हा मी जाळीतून चेंडू काढायला वाकले. ती जाळीला नाक लावून म्हणाली, "टेंशन मत लो, दीदी. आज बराबरी का झंझट ही नहीं है."

मला इतकं हसू आलं, की चेंडू मधल्या रेषेपर्यंत फेकताच येईना.