माझी भीती ज्ञानूला कशी लागली

आधीच सांगतो, भूतखेत, करणी, बाहेरची बाधा... असल्या गोष्टींवर माझा काडीचाही विश्वास नाही. 'नव्हता' असं लिहायला हवं का, ते शेवटी तुम्हीच ठरवा. मी बीड जिल्ह्यात, आष्टी तालुक्यातल्या कडा गावाजवळ राहतो. वय बावन्न. लग्नं, कुस्त्या, सत्कार – जिथे माईक तिथे मी! आवाज देवाने दिला, आगाऊपणा मी स्वतः कमावला.

माझा हुकमी आयटम म्हणजे लोकांच्या भित्या. क्विंटलभराचा पहिलवान पाल दिसली की खुर्चीवर कसा चढतो... एका पुढाऱ्याला लिफ्टमध्ये घाम फुटतो, म्हणून बिचारा निवेदनं घेऊन पाच-पाच मजले जिने कसा चढतो... सगळं नकलेसकट. माणसं हसून लोळायची. ज्याची नक्कल, तोही हसायचा. नाइलाजाने!

माझी स्वतःची भीती मात्र मी लपवून ठेवली होती. विहीर. कडेला उभं राहून खाली बघितलं की माझा डावा पाय घोट्यापासून गार पडत जायचा, जणू तो एकटाच आधी पाण्यात उतरलाय. गारठा गुडघ्यापर्यंत आला की कानात भुंगा सुरू. उजवा पाय मात्र ठणठणीत! आमच्याकडे पोरं विहिरीतच पोहायला शिकतात. मी 'कान दुखतो' म्हणत अख्खं बालपण काढलं.

हे एकाच माणसाला सांगितलं होतं – ज्ञानूला. लंगोटीयार. धंदा विहिरी खोदायचा. यारी, म्हणजे दगड-मुरूम वर ओढणारी क्रेन, तिच्या बकेटमध्ये उभा राहून हा गडी साठ-साठ फूट खाली जायचा... तंबाखू मळत! त्यालाही एवढंच सांगितलं होतं, की मला विहिरीची भीती वाटते. पायाचं नाही. ते बायकोलासुद्धा कधी बोललो नाही.

मागच्या उन्हाळ्यात ज्ञानूने आमच्या शिवारात खोदलेल्या विहिरीला पाणी लागलं. पूजा, मंडप, माईकवर अर्थातच मी. मी ज्ञानूची खेचली – "हा वाघ साठ फूट खाली जातो, पण इंजेक्शन दिसलं की शेपूट घालतो!" हशा. ज्ञानू उठला आणि त्याने माझ्या हातातून माईक घेतला.

"अन् आपले अप्पा? नारळ फोडायला कडंला कावून येईनात, इचारा की त्यान्ला! लई भेतेत हिरीला! ल्हानपणापसून!"

मंडप खदाखदा हसला. मागून कुणीतरी ओरडलं, "अप्पा, तांब्यातलं पाणी तरी डोळे उघडे ठिवून पिता का?"

मीही हसलो. माईकवाल्याला हसावंच लागतं. पण आत काहीतरी तुटलं. गावभरच्या भित्या मीच चव्हाट्यावर मांडत होतो, हे तेव्हा आठवलं नाही. आठवलं एवढंच – एकाच माणसाला सांगितलं होतं, आणि त्यानेच घात केला.

घरी थोरली आक्का आली होती. तिच्या कानावर गेलंच. दिवेलागणीला तिने मला पाटावर बसवलं. भाताचा गोळा, हळद-कुंकू, लिंबू, नारळ – उतारा! माझ्यावरून सात वेळा ओवाळला.

"तिठ्यावर ठिव अन् मागं न बघता ये. पण आडबाजूला ठिव. जो वलांडील त्याला तुझी भीती लागंल."

"आक्का, लागायला ती काय गोचीड हाय का?"

"गप बस, अवदसा!"

तिठ्यावर कोण जातो! मी तो सरळ ज्ञानूच्या फाटकासमोर नेऊन ठेवला. गंमत म्हणा, सूड म्हणा. सकाळी हा दचकेल, घरात बोंबाबोंब होईल आणि मला सहा महिन्यांचा आयटम मिळेल! मागे न बघता परत आलो... नियम म्हणून नव्हे, हसू आवरत नव्हतं म्हणून.

दुसऱ्या दिवशी अकराच्या सुमारास फोन आला. शेजारच्या गावात ज्ञानू विहिरीत उतरत होता. निम्म्यावर गेला आणि "वर घ्या, वर घ्या" ओरडायला लागला. मी गाडी पिटाळली. गडी आंब्याखाली बसलेला, ओठ पांढरे, दोन्ही हातांनी डावा पाय चोळत होता.

"काय झालं बे?"

"अप्पा, डावा पाय... घोट्यापसून गार पडत वर आला. म्या वरी अन् पाय आधीच पाण्यात गेलता जसा काय! उजवा बघ, चांगला हाय."

मी त्याच्या पायाला हात लावला. मे महिना, डोक्यावर ऊन, आणि पाय माठासारखा गार. माझ्याच्याने त्याच्याकडे बघवेना. उठलो, चालत सुटलो... आणि बऱ्याच वेळाने लक्षात आलं की मी विहिरीच्या कडेला उभा राहून खाली बघतोय. कानात काही नाही. पायात काही नाही.

"माझ्या दारात कुणीतरी उतारा ठिवला व्हता," मागून ज्ञानू म्हणाला. "तुला काय ठाव हाय का?"

"मला कसं ठाव असंल?" मी म्हणालो. आवाज असा सहज लागला, की माझा मलाच खरा वाटला!

त्यानंतर ज्ञानू विहिरीत उतरला नाही. बीडला मानसोपचारवाल्या डॉक्टरांना दाखवलं. त्यांनी छान समजावलं – भीती शिकली जाते, दुसऱ्याची बघूनही लागते, थोडं-थोडं जवळ गेलं की ओसरते. सगळं पटलं. मी विचारलं, "पण डॉक्टर, भीतीबरोबर दुसऱ्याचा पायही लागतो का?" ते म्हणाले, "म्हणजे?" मी ज्ञानूची फाईल उचलली आणि उठलो.

मग आक्काला सांगून ज्ञानूवरून उतारा काढवला आणि तो मी स्वतः ओलांडला. एकदा नाही, अकरा वेळा! आक्का कपाळाला हात लावून बघत होती. माझी भीती काही माझ्याकडे परत आली नाही.

यारी गेली. ज्ञानू आता कड्याच्या रस्त्यावर पंक्चर काढतो. ट्यूब घमेल्यातल्या पाण्यात बुडवतानासुद्धा डावा पाय मागे घेतो. दिवाळीनंतर एका दुपारी मी त्याच्यासमोर उकिडवा बसलो.

"ज्ञानू, तो उतारा म्या ठिवला व्हता."

त्याने मान वर केली नाही. "ठाव हाय. खिडकीतून बघितलं की तुला. दबकत आलतास, मांजरावानी."

"मग वलांडलास कावून?"

"मंडपात तुझी इज्जत घालवली व्हती म्या. म्हटलं, आता ह्येची बारी. हसू द्यावं. मुद्दाम वलांडला." ट्यूबमधून बुडबुडे निघत होते. त्याने तिथे खडूने खूण केली. "आंब्याखाली इचारलं ना तुला? तवा फकस्त हो म्हणायचं व्हतं, बे."

न सांगितलेला माझा पाय त्याला कसा कळला, हे डॉक्टरांना सांगता आलं नाही, आक्काला नाही, मला तर नाहीच. मी आता कुठल्याही विहिरीच्या कडेला पाय सोडून बसू शकतो. बसतोही. खाली पाणी दिसतं, माझं तोंड दिसतं. डाव्या पायात काही होतंय का, म्हणून वाट बघत बसतो.

दोन्ही पाय सारखेच उबदार.