काळ्या कातळाखालची तांबडी माती

ज्वालामुखीने घडवलेले डोंगर बघायला लोक परदेशात जातात. आपण खोपोलीमार्गे पेणला जावं, असं मी ठरवलं. खरं काम वेगळंच होतं. रोह्याजवळच्या ताईच्या गावामागचा डोंगर गेल्या पावसात थोडा खचला होता आणि सरकारी माणसं घरं सोडायला सांगून गेली होती. ताई हलायला तयार नव्हती. तिची समजूत घालायची होती.

पुण्याहून लवकर निघालात तर न्याहरी पेणला होते. रामवाडीत मिसळ खाल्ली, पोह्याचे पापड घेतले आणि डोंगरांकडे बघत बसलो. टोकदार सुळके बघून वाटतं, हेच ते ज्वालामुखी. साफ चूक! ज्वालामुखीच्या तोंडातून उडालेली राख-खडी भोवती साचली की शंकू होतो, सुपातून ओतलेल्या तांदळाच्या ढिगासारखा. लाव्हा पातळ असेल तर तो लांबवर पसरतो आणि पालथ्या परातीसारखा बसका डोंगर होतो, तो ढाल-ज्वालामुखी. आपल्याकडे लाव्हा जमिनीच्या लांबच लांब भेगांतून आला, थरावर थर पसरला आणि मग पावसाने कोरून हे सुळके काढले.

नागोठण्यापर्यंत रस्त्याने कंबरडं मोडलं. रोह्याअलीकडच्या अष्टमी गावात फळं घेतली, कुंडलिका नदीचा पूल ओलांडला आणि रोह्याबाहेर पडलो.

ताईने तांदळाच्या भाकऱ्या आणि सुकट केली होती. शेजारच्या यमुनाकाकूही आल्या होत्या. दुसऱ्या दिवशी त्या सामान घेऊन भावाकडे राहायला जाणार होत्या. मी शाळामास्तर, ऐकणारं कोणी भेटलं की सुटतोच. शंकूचा डोंगर कसा भुसभुशीत असतो ते सांगितलं. म्हणालो, "आपला तसा नाही. एकेक थर म्हणजे अखंड काळा कातळ."

"म्हंजे पडायचा नाय?" काकूंनी विचारलं.

"कातळ कसला पडतोय!" भाकरी मोडता मोडता मी बोलून गेलो.

सकाळी ताई मला डोंगराच्या पायथ्याशी घेऊन गेली. गौरी-गणपतीआधी गावातल्या बायका भिंती सारवायला तिथून तांबडी माती आणतात. एक लाव्हा थंड झाल्यावर त्याच्या माथ्याची माती झाली, त्यावर पुढचा लाव्हा आला आणि ती भाजून तांबडी झाली. दोन कातळांमधला हा थर मऊ असतो. पिढ्यान्‌पिढ्या कुदळी चालवून बायकांनी तो आतपर्यंत पोखरला होता. गुरं उभी राहतील एवढी पोकळी, वर लोंबणारा कातळ आणि त्यात ताजी भेग. माझा हात मनगटापर्यंत आत गेला.

"ताई, आजच्या आज निघायचं."

"काल तर अखंड हाय म्हणालास."

"कातळ अखंड आहे गं, पण त्याच्या खालचं तुम्ही काढून घेतलंय!"

खाली आलो तर काकूंच्या दारात टेम्पो उभा होता. सामान उतरवणं चालू होतं. "गो, तुझा भाव शिकलेला माणूस," त्या ताईला म्हणाल्या. "त्याच्या बोलण्यावर रायलो आम्ही."

दिवसभर दारोदार फिरलो. हात जोडले, ओरडलो. माती तर आमची आजी-पणजीपण काढायची, असं जो तो म्हणे. कंपनीतून शिफ्ट करून आलेले भावोजी शांतपणे म्हणाले, "मास्तर, काल येक बोलता, आज येक. लोकांनी करायचं तरी काय?"

मी एकटाच परत आलो. तुम्ही जरूर जा, डोंगर सुंदर आहेत. गावाचं नाव मी मुद्दाम दिलेलं नाही. सरकारी कचेरीत फोन केला, तर आम्ही सांगून आलोय, म्हणाले. एवढी वर्षं शिकवलं, पण माझं एवढं मन लावून कोणीच ऐकलं नव्हतं. त्यांनी ऐकलं ते नेमकं अर्धंच.

आज तिकडे पाऊस लागलाय. दुपारी ताईचा फोन आला. आवाज अगदी मोकळा होता.

"तू आलास ते बरं झालं बघ," ती म्हणाली. "वर्षभर रातीला जरा काय वाजलं की उठून बसत व्हते. आता गाढ झोप लागते."