साडूभाऊंच्या अडतीस बाटल्या

आमच्या साडूंइतका घाबरट माणूस अख्ख्या जर्मनीत दुसरा नसेल, आणि असलाच तर तो घराबाहेर पडत नसल्यामुळे कुणाला माहीत नसेल. डार्मश्टाटला एका औषधांच्या कंपनीत ते गुणवत्ता तपासायचे. रसायनशास्त्रातले डॉक्टर. गोळ्यांमध्ये नको ते काय काय निघू शकतं हे दिवसभर बघून घरी यायचे, त्यामुळे डोळ्यांदेखत शिजलेलं तेवढंच पोटात घालायचं असा त्यांचा नेम. ट्रामची दारं लागताना ते श्वास रोखायचे. पत्रपेटीत सरकारी दिसणारं पाकीट सापडलं की आधी ग्लासभर पाणी प्यायचे, खुर्चीत बसायचे आणि मग ताईंना, म्हणजे आमच्या मेहुणीबाईंना, उघडायला सांगायचे.

अशा माणसाने घरी बिअर करायला घेतली ती धाडसापोटी नव्हे, भीतीपोटीच. बाहेरच्या बिअरची टाकी कुणी धुतली, कशी धुतली, कोण जाणे! म्हणून त्यांनी बिअरचं किट आणलं. डब्यातला पाक गरम पाण्यात ढवळायचा, साखर आणि यीस्ट घालायचं, बादलीला झाकण लावायचं आणि सोबतच्या कागदावर लिहिलेत तितके दिवस थांबायचं. त्याआधी अर्थात कस्टम्सच्या ऑफिसला, म्हणजे त्सोलआम्टला, रीतसर पत्र गेलं. तिथल्या बाईंनी फोन करून "ठीक आहे" म्हटलं, तर हे म्हणाले, "ठीक आहे हे लेखी मिळेल का?" वर्षभर आम्ही ती किटची बिअर प्यायलो. चव ओल्या पुठ्ठ्यासारखी होती, पण कागदाबरहुकूम होती, म्हणून साडूंना झोप लागत होती.

एका रविवारी जेवता जेवता त्यांचा घास हातातच राहिला. "साडूभाऊ, बिअरला कडवटपणा येतो तो हॉप्सच्या फुलांनी. आपल्या डब्यात ती आधीच उकळून घातलेली असतात. कुणी उकळली? कधी? आपण होतो का तिथे?" मग ठरलं, यापुढे नुसता माल्टचा पाक आणायचा आणि फुलं आपण उकळायची. मी म्हटलं, "पण तो पाकही कुणीतरी दुसऱ्यानेच केलेला ना?" त्यांनी बराच विचार केला. "माल्टपर्यंत विश्वास ठेवायची माझी तयारी आहे. त्यापुढे नाही."

उकळण्याच्या दिवशी जिन्यात साडूंची नोटीस लागली: वास येईल, क्षमस्व. तीन वाक्यांत चार वेळा 'लायडर', म्हणजे 'दुर्दैवाने'. पातेल्यात फुलं पडल्याबरोबर फेस उसळला, तेव्हा साडू दारापर्यंत मागे सरकून ओरडले, "मेन स्विच बंद करा!" ताईंनी शेगडी बारीक केली. इथवर सगळं हसण्यावारी गेलं. पण या वेळी किती दिवस थांबायचं ते सांगणारा कागद नव्हता. बादलीतून निघणाऱ्या वायूने आपण गुदमरू, म्हणून त्यांनी ऐन फेब्रुवारीत त्या खोलीची खिडकी रात्रंदिवस उघडी ठेवली. यीस्ट गारठलं, बुडबुडे थांबले. बिअर झाली असं समजून, आणखी ठेवली तर जंतू शिरतील या धास्तीने, पाचव्या दिवशी त्यांनी ती अडतीस बाटल्यांत भरून तळघरात नेऊन ठेवली. शेजारीच इमारतीचा बॉयलर. उबेने यीस्ट पुन्हा जागं झालं, बंद बाटल्यांत वायू कोंडत गेला, आणि ते आम्हाला कळायला आठवडा गेला.

शनिवारची दुपार होती. आम्ही जेवायला बसलो होतो, आणि खालून धप्पकन आवाज आला. थोड्या वेळाने आणखी एक. दारावर थाप पडली. तळमजल्यावरच्या आजीबाई होत्या. "हेर डोक्टर, तळघरात काहीतरी फुटतंय. मी बटाटे आणायला चाललेच आहे, बघून येते." तळघरातले कप्पे नुसत्या लाकडी पट्ट्यांचे. काच सहज बाहेर उडाली असती. साडू पांढरेफटक पडले. "नका जाऊ," ते जर्मनमध्ये म्हणाले, आणि मग मराठीत माझ्याकडे वळून, "त्या ऐकणार नाहीत. बटाट्यांसाठी त्या जाणारच."

मी म्हटलं, फायर ब्रिगेडला बोलवू. त्यांनी जाड कोट चढवला, सायकलचं हेल्मेट घातलं, लॅबमधला चष्मा लावला, हातात ओव्हनचे मोजे. ताई म्हणाल्या, "अहो, जाऊ नका ना." "माझ्या बाटल्या आहेत," साडू म्हणाले आणि ओला टॉवेल घेऊन, एकेक बाटली त्यात गुंडाळून उघडायला उतरले. तळघराच्या दारापाशी आजीबाईंना अडवून मी उभा राहिलो. आत जायला मला धीर झाला नाही, हे कबूल करतो. आतून फुस्स ऐकू यायचं, की मी मनात एक बाटली वजा करायचो. अकरा झाल्या, बारा झाल्या, आणि मग धाडकन आवाज. काचा खळखळल्या. मग काहीच नाही.

"साडूभाऊ!" मी ओरडलो. "साडूभाऊ!"

"आहे," बऱ्याच वेळाने आतून आलं. "बोलू नका. मोजणी चुकते."

अर्ध्या तासाने ते बाहेर आले ते चिंब भिजून, मनगटावर रक्ताची बारीक रेघ. पायरीवर बसले आणि थरथरू लागले, दात वाजेपर्यंत. मी त्यांच्या पाठीवर हात ठेवून बसलो. त्यांच्या हातातल्या शेवटच्या बाटलीत थोडी बिअर उरली होती. आजीबाईंनी ती घोटभर चाखली आणि म्हणाल्या, "वाईट नाही." आमच्याकडे हेस्सन प्रांतात याहून मोठी स्तुती नसते.

पुढे काही वर्षांनी साडू पुण्याला परतले. इथे जर्मनीत बर्फ पडल्याचं कुठे वाचलं की त्यांचा फोन यायचा: गाडी काढू नका, जिना उतरताना कठडा धरा. मी हो हो म्हणून हसायचो. गेल्या हिवाळ्यात इथे दोन दिवस रस्ते बंद होते आणि फोन आला नाही. शेवटी मीच लावला. ताईंनी उचलला.

"झोपलेत," त्या म्हणाल्या. "हल्ली बरंच विसरतात. पण एक झालंय बघा, आता कशालाच घाबरत नाहीत."

बरं झालं, असं मी म्हणायला हवं होतं. मला काही ते म्हणता आलं नाही.