आठ आणे दुखणं

माझ्या धाकट्या बहिणीला सिकलसेल आहे, रक्ताचा, अंग ठणकवणारा आजार. सरकारी दवाखान्याच्या भाषेत ती लाल कार्डवाली आणि मी पिवळ्या कार्डवाली. लाल म्हणजे आजार आहे. पिवळं म्हणजे रक्तात त्याचा अंश आहे, पण त्रास काही नाही. लहानपणी मला तिच्या लाल कार्डाचासुद्धा हेवा वाटायचा. मोसंबी तिला, अंडं तिला, आईची मांडी तिला. मी तोंड फुगवलं की आई म्हणायची, "तुले काय झालं? धडधाकट तर हायेस." हेवा करण्याचा माझा सराव असा घरातच झाला, आणि तो चांगला पक्का झाला.

आता मी भंडाऱ्यातल्या एका हॉस्पिटलात क्लिनिकल रिसर्च को-ऑर्डिनेटर आहे. शेजारणींना एवढंच सांगते, की नव्या औषधांची परीक्षा होते आणि परीक्षेला बसलेले पेशंट मी सांभाळते. त्यांना सगळं समजावून सांगायचं, पटलं तर सही घ्यायची, ठरल्या दिवशी बोलवायचं, नाही आले तर फोन करकरून त्यांचं डोकं खायचं. मागच्या वर्षी आमच्याकडे सिकलसेलच्याच एका गोळीचा अभ्यास आला. बातमी कळली त्या संध्याकाळी मी पेढे घेऊन घरी गेले. बहिणीला म्हटलं, पहिलं नाव तुझंच.

दुसऱ्या दिवशी नियमांचं बाड वाचायला घेतलं. कोणाला घ्यायचं नाही ते एका पानावर होतं. गरोदर बायका नाही, किडनीचे पेशंट नाही, आणि पानाच्या तळाशी, या केंद्रात काम करणाऱ्यांचे जवळचे नातेवाईक नाही. माझी बहीण बाद, आणि बाद कशामुळे, तर माझ्या नोकरीमुळे. मी डॉक्टरांना विचारलं, "मी नोकरी सोडली तर?" ते म्हणाले, "तर नियम आड येणार नाही. पण तिचं आत्ताचं औषधपाणी कोण करेल?" वडील गेल्यापासून घर माझ्यावरच आहे. मी माझ्या टेबलाशी जाऊन काम करू लागले. पेढे दिले तेव्हा बहीण हसली होती, तो चेहरा दिवसभर समोर येत राहिला.

मग आली लाखनीकडची एक मुलगी. माझ्या बहिणीच्याच वयाची, तशीच काटकुळी, डोळे तसेच पिवळसर. बरोबर वडील. मी तिला समजावून सांगायला बसले. निम्म्या लोकांना खरी गोळी मिळेल, निम्म्यांना तशीच दिसणारी साधी, औषध नसलेली. कोणाला कोणती ते तुम्हाला कळणार नाही, मला नाही, डॉक्टरांनाही नाही. मग धोके वाचले. मळमळ, डोकेदुखी, लिव्हरला त्रास. हे वाचताना माझा आवाज नको तितका खणखणीत होता. मला वाटत होतं, हिनं नाही म्हणावं. ती नाही म्हणाली असती तरी तिची जागा माझ्या बहिणीला मिळणार नव्हती, हे मला पुरतं ठाऊक होतं. तरी वाटत होतं. पोरीनं सगळं ऐकून घेतलं, वडिलांकडे पाहिलं आणि सही केली.

आमच्याकडे दर भेटीत दुखणं विचारावं लागतं. शून्य म्हणजे काहीच नाही, दहा म्हणजे सोसवत नाही. कागदावर हसऱ्या-रडक्या चेहऱ्यांची रांगही असते. पण आमच्या भागात दुखणं आण्यांत सांगतात. आणे बाजारातून कधीच गेले, दुखण्यातून गेले नाहीत. पहिल्या भेटीत ती म्हणाली होती, "सोळा आणे दुखते, मॅडम." मग मी चेहरे दाखवले आणि तिनं शेवटच्या रडक्या चेहऱ्यावर बोट ठेवलं.

पावसाळ्यानंतरच्या भेटीला ती आली ती चालतच, वडिलांचा हात न धरता. ओठांना लाली, पायात नवी पैंजणं. बसायच्या आत म्हणाली, "यंदा धानाच्या रोवण्याले गेली होती मी, मॅडम. चिखलात बांधीमंधी उभी होती, आईच्या बरोबरीनं."

त्याच आठवड्यात माझी बहीण कंबर धरून रात्रंदिवस कण्हत होती. शिवायला घेतलेलं शेजारणीचं ब्लाऊज तसंच मशीनवर पडलं होतं. मी पाण्याची बाटली शोधायच्या निमित्तानं खाली वाकले. देवानं हिला दिलं आणि आम्हाला फसवलं असं वाटलं, आणि मी तर देव मानत नाही.

सरळ होऊन विचारलं, "दहापैकी किती दुखतं आता?"

"आठ," ती म्हणाली.

काय सांगू, मला बरं वाटलं. गोळीत काही दम नाही. ही रोवण्याला गेली ती हौसेनं, तरुण रक्ताच्या जोरावर. माझ्या बहिणीचं काही हुकलं नाही. मी पेन उचललं. आठ हा आकडा मला इतका गोड कधी लागला नव्हता.

पण हात थांबला. ही सोळा आणेवाली पोरगी, हे मी विसरले नव्हते, कितीही विसरावंसं वाटलं तरी. विचारणं भागच होतं. मी जरा तुटकच विचारलं, "दहापैकी आठ, का आठ आणे?"

तिचे वडीलच बोलले. "आठ आणे, मॅडम. अर्धं कमी झालं तिचं. रात्रभर झोपते आता."

मी चेहरे पुढे सरकवले. तिनं मधल्या चेहऱ्यावर बोट ठेवलं, जो ना हसतो ना रडतो. मी पाच लिहिलं. अक्षर वाकडं आलं. तिला म्हटलं, "छान. अशीच येत राहा." ती गेल्यावर तिच्या पैंजणांचा आवाज जिन्यापर्यंत येत होता आणि मला तो अगदी नकोसा झाला.

घरी आले. बहीण खाटेवर भिंतीला टेकून बसली होती, कमरेशी गरम पाण्याची पिशवी. पेशंटबद्दल घरी बोलायचं नसतं, आणि मी बोलतही नाही. चप्पल काढली, पर्स अडकवली, चहा ठेवला.

"आज कोणीतरी बरं झालेलं आलं होतं ना?" ती म्हणाली.

"मला काही सांगता येत नाही. नियम आहे."

"नको सांगू. तू जळत घरी आली का मले समजते, दवाई लागू पडून राहिली. मागच्या महिन्यातबी तू एकदा अशीच आली होती. पण आज लय जळून आली."

मी तिच्याकडे पाहिलं नाही. चहात साखर टाकली, ढवळत राहिले. वाटलं होतं, ती चिडेल, रडेल, निदान माझ्या नोकरीला शिव्या देईल. ती उलट सरसावून बसली. चेहऱ्यावर बऱ्याच दिवसांनी रंग आला होता.

"म्हणजे चांगली हाय गोळी," ती म्हणाली. "मंग दुकानात कधी मिळन, ताई?"

अभ्यास संपायला अजून वर्षं आहेत. मग तपासणी, मग परवानगी, मग किंमत ठरणार. हे सगळं मला पाठ आहे, रोज लोकांना सांगते. मी चहाचा कप तिच्या हातात दिला आणि म्हटलं, "लवकरच."